माथेरानला आईची रात्र खुर्चीत गेली. तक्रार नक्की कुठे करायची?

केतकी_भांडुप
सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. मोठं लिहिते आहे, कारण शनिवारची रात्र अजून डोक्यातून जात नाहीये.

यंदा मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. १९७५ साली लग्नानंतर ते दोघं माथेरानला गेले होते, नेरळहून छोट्या गाडीनं. बाबा तेव्हा लालबागला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. मग दादा झाला, मी झाले, मग १९८२चा संप, आणि त्यानंतर बाबांची गिरणी काही उभी राहिली नाही. बाबांनी रात्रपाळीची वॉचमनची नोकरी धरली, आईनं खाणावळीसाठी पोळ्या लाटल्या. दोघं मिळून पुन्हा कुठेच फिरायला गेले नाहीत. दर वर्षी गणपतीला गावी जायचे, पण तिथे आई चुलीपुढेच. त्यामुळे माथेरान म्हटलं की आई आजही त्या एका बोगद्याची आठवण काढते आणि पदर तोंडाला लावून हसते.

मे महिन्यातले दर झेपणारे नव्हते म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारचं ठरवलं. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. बाबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "अर्धी तर अर्धी. बसायला मिळालं म्हणजे झालं."

लॉज मी इंटरनेटवर शोधला. फोटोत जुनं लाल दगडाचं घर, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या स्वच्छ चादरी. फोनवर मॅनेजरशी दोनदा बोलले. वयस्कर माणसं आहेत, तळमजला हवा, गरम पाणी हवं, हे दोन्ही वेळा सांगितलं. दोन खोल्या, दोन रात्री, एका खोलीचे रात्रीला २,८०० रुपये. एकूण ११,२००. त्यातले ५,६०० त्याच्या नंबरवर आधीच पाठवले. आम्ही चौघं होतो, आईबाबा, मी आणि माझा नववीतला मुलगा.

जाताना सगळं छान झालं. ठाण्याला कर्जत लोकल पकडली, नेरळला शेअर टॅक्सी, दस्तुरीला, म्हणजे अमन लॉजपाशी, उतरून शटल. बाबा खिडकीत बसले होते आणि अख्ख्या प्रवासात एक शब्द बोलले नाहीत, नुसते बाहेर बघत होते. स्टेशनवर उतरल्यावर हातरिक्षावाला आला. बाबांचा गुडघा दुखतो म्हणून मी ठरवायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, म्हणाले. लाल चिखलातून आम्ही पंचवीस मिनिटं हळूहळू चालत गेलो.

खोली उघडल्याबरोबर कुबट वास आला. भिंतीचे पोपडे पलंगावर पडलेले होते. चादर हाताला ओली लागत होती, म्हणजे धुऊन वाळलीच नव्हती, आणि उशीवर पिवळे डाग. वेताच्या खुर्च्या खरंच होत्या, पण एकीला बूड नव्हतं. बाथरूममधला मग आतून हिरवा बुळबुळीत. बाथरूमची खिडकी माकडांनी फोडली म्हणून तिथे प्लायवूड ठोकून ठेवलेलं. दाराची कडी लागत नव्हती, त्यामुळे बाबा आंघोळीला गेले तेव्हा दार फटीएवढं उघडं ठेवून मुलाला बाहेर बसवलं. गॅसचा गिझर होता, तो पेटताना भडका उडाला आणि नंतर पिवळीच ज्योत चालू होती. पाणी मात्र गरम आलं. आंघोळीनंतर बाबांचं डोकं धरलं, चक्कर आली, एक उलटी झाली. एवढं चालण्याची सवय नाही, पोटातही काही नव्हतं, त्याचा शीण असेल असं वाटलं. लिंबू-मीठ-साखर दिली, झोपवलं.

मॅनेजरला चादर बदलायला सांगितली. त्यानं आणलेली दुसरी चादरही दमटच. "पावसात माथेरान असंच असतं मॅडम." रात्री साडेदहाला आई उठून बसली. दिवा लावून बघितलं तर गादीच्या शिवणीत ढेकूण. एक-दोन नव्हे, रांगच. बाबांना मी दुसऱ्या खोलीत नेऊन झोपवलं. तिथे ढेकूण दिसले नाहीत, पण गादी मधोमध खचलेली होती. आईला म्हटलं, तूही इकडे ये. पण तिला आता कुठल्याच गादीवर पाठ टेकवेना. अंगाभोवती शाल गुंडाळून ती सकाळपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली.

तीन हॉटेलांना फोन केले, शनिवार म्हणून सगळी भरलेली. आणि खोली मिळाली असती तरी त्या पावसात, त्या अंधारात, चक्कर आलेल्या माणसाला घेऊन निघायचं कसं? इथे मुंबईत रात्री दोनलाही रिक्षा मिळते. माथेरानला तसं काही मिळत नव्हतं.

सकाळी आम्ही निघालो. मॅनेजरनं दुसऱ्या रात्रीचे पैसे तर परत दिले नाहीतच, उरलेले ५,६००ही मागून घेतले. बुकिंग रद्द होत नाही, म्हणाला. बाबांना वाद नको होता म्हणून मी दिले. बिल म्हणून एका कोऱ्या वहीच्या पानावर आकडे लिहून शिक्का मारून दिला.

पैशांचं मला वाईट वाटतंच, मी शाळेत क्लार्क आहे, ११,२०० माझ्यासाठी थोडे नाहीत. पण परतीच्या लोकलमध्ये आई मला म्हणाली, "अगं, चाळीत काय सोन्याच्या गाद्या होत्या? नको मनाला लावून घेऊस." तिनं पन्नास वर्षं वाट बघितली आणि समजूत माझीच घालत होती. ते मला सहन होत नाहीये.

माझे प्रश्न: दुसऱ्या रात्रीचे पैसे मिळू शकतात का? तक्रार रायगडला जाऊन करावी लागेल का? ढेकूण बॅगेतून घरी आले असतील तर काय करायचं? आणि पुढच्या वेळी आईबाबांना न्यायचं तर खोली कशी पारखून घ्यायची? कारण मी त्यांना पुन्हा नेणार आहे.


सह्यवारा
सोमवार, रात्री ११.४८

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट सांगतो, शनिवार-रविवारी माथेरानला अठ्ठावीसशेत यापेक्षा वेगळं काय मिळणार? बुकिंग करण्याआधी वाईट अभिप्राय वाचायला हवे होते. चांगले सगळे सारखेच असतात, खरी माहिती वाईटात असते.


केतकी_भांडुप
मंगळवार, सकाळी ७.०५

@सह्यवारा, अभिप्राय वाचले होते. त्यात दोघांनी दमटपणाबद्दल लिहिलं होतं, ते मी पावसाळा म्हणून सोडून दिलं. ती चूक मला मान्य आहे. पण अठ्ठावीसशेच्या खोलीत टीव्ही नसेल, गालिचा नसेल, जेवण साधं असेल, हे मी समजू शकते. कोरडी चादर आणि ढेकूण नसलेली गादी ही किमतीप्रमाणे कमीजास्त होणारी गोष्ट नाही. आमच्या भांडुपच्या खोलीतही ती आहे.


नेरळकर
मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, मी नेरळचा. मामा माथेरानला घोडा चालवतो, त्यामुळे वरचं जाणं-येणं लहानपणापासून आहे. तुमच्यासोबत जे झालं त्याची लाज वाटली.

वरच्या लोकांची अडचण आधी सांगतो. गाडी दस्तुरीला संपते. तिथून पुढे सिमेंटची गोणी असो, गादी असो, गॅसचा सिलिंडर असो, घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर जातं. त्यामुळे खाली होते त्यापेक्षा प्रत्येक दुरुस्ती वर महाग पडते. २००३ पासून हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर आहे, बांधकामाची परवानगी सहज मिळत नाही. जुनी घरं जांभ्याची आहेत. जांभा पाणी पितो. जून ते सप्टेंबर धुकं घरात शिरलेलं असतं, चादर दोरीवर चार दिवस टाकली तरी वाळत नाही. ज्यांना धंदा नीट करायचा आहे ते चादरी खाली नेरळला पाठवतात नाहीतर वाळवायचं मशीन ठेवतात, पावसाआधी भिंतींना चुना काढतात, आणि पावसात तळमजल्याच्या खोल्या देतच नाहीत.

म्हणून तुम्ही तळमजला मागितलात तिथेच फसलात. पावसाळ्यात तळमजला सगळ्यात ओला. वयस्करांसाठी दहा पायऱ्या चढून वरची, उन्हाकडे तोंड असलेली खोली घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे दस्तुरीजवळ राहा. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान त्याच बाजूला आहे, चालणं वाचतं. मन लागलं तर शटलनं बाजारात जाऊन यायचं.

आणि खोली ठरवताना व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, त्याच वेळी, त्याच दिवशी. गादी उचलून दाखवा म्हणायचं. बाथरूमचा दिवा लावून दाखवा म्हणायचं. जो टाळतो त्याच्याकडे जायचं नाही.

बाबांना एक सांगा. पाऊस संपला की दिवाळीच्या आसपास पुरी गाडी सुरू होते. २००५च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले होते, तेव्हा वाटलं होतं संपलीच आता. २००७ साली, गाडीला शंभर वर्षं होत असताना, पुन्हा चालू केली. तुमच्या आईंचा तो बोगदाही खालच्या टप्प्यात आहे. शटलनं गेलात म्हणून तो लागलाच नाही.


विलेपार्ले_जोशीकाका
मंगळवार, दुपारी १.१५

मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम केलं आहे, कायद्याचं तेवढं सांगतो.

रायगडला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ही मोठी सोय झाली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही भांडुपला राहता म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते.

पण लगेच तिथे धावू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या. मग लॉजच्या मालकाला (मॅनेजरला नव्हे) नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. काय ठरलं, काय मिळालं, किती दिले, किती परत हवेत, पंधरा दिवसांत द्या. शिवीगाळ नको, विशेषणं नकोत. पुष्कळशी प्रकरणं इथेच मिटतात, कारण पत्र आलं की मालकाला पहिल्यांदा कळतं की मॅनेजरनं काय केलं आहे.

त्या वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, पैसे पाठवल्याच्या नोंदी ठेवा, आणि त्यांच्या जाहिरातीतले फोटो आजच उतरवून ठेवा. पत्र गेल्यावर ते बदलतील. तुम्ही खोलीचे फोटो काढलेत ना?

अडलं तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्रात जा. १९७५ पासून हे काम चालू आहे, तुमच्या आईबाबांच्या लग्नाइतकीच जुनी संस्था.


केतकी_भांडुप
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

फोटो मुलानं काढले आहेत, चौदा आहेत. गादी, भिंत, बाथरूम, गिझर, सगळं. मनापासून आभार, काका. नेरळकर, बोगद्याचं वाचून दाखवलं. आई म्हणाली, मला तेव्हाच शंका आली होती.


डोंबिवली_गिझरवाला
मंगळवार, रात्री ९.५५

ताई, मी गिझर आणि गॅस शेगड्या दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. सगळे ढेकणांबद्दल बोलत आहेत. ढेकूण चावतात, खाज येते, पण त्यांच्यापासून रोग पसरत नाही. कपडे कडक गरम पाण्यात धुवा, बॅग उलटी करून शिवणी ब्रशनं साफ करा, घट्ट पिशवीत बांधून काही महिने बाल्कनीत ठेवा, घरात आणू नका. तो विषय संपला.

मी तुमचं पहिलं लिहिणं तीन वेळा वाचलं. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत. खिडकीवर प्लायवूड. पेटताना भडका, नंतर पिवळी ज्योत. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाला डोकेदुखी, चक्कर, उलटी. ताई, तो चालण्याचा शीण नव्हता असं मला वाटतं.

गॅस नीट जळतो तेव्हा ज्योत निळी असते. हवा कमी पडली की ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत राहतो आणि शरीराला प्राणवायू पोचतच नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मग पायांतली ताकद जाते. दारापर्यंत यायचीही शुद्ध राहत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात, लोक म्हणतात बाथरूममध्ये हार्ट अटॅक आला.

तुमच्या बाबांच्या वेळी दाराची कडी लागत नव्हती. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. त्या फटीतून हवा आत गेली. मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण कडी धड असती आणि बाबा दहा मिनिटं जास्त आत राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला.

बाबांना डॉक्टरांकडे न्या आणि नेमकं हेच सांगा. आता तीन दिवस झाले, रक्तात काही सापडणार नाही, पण त्यांच्या वयाला हृदय तपासून घेतलेलं बरं. आणि त्या लॉजला आजच फोन करा. पैशांसाठी नव्हे. त्या खोलीत आज कुणीतरी असेल.


सह्यवारा
मंगळवार, रात्री १०.३०

ताई, काल रात्री जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मीही वाचलं होतं, गिझर, प्लायवूड, सगळं, आणि पुढे गेलो.


केतकी_भांडुप
बुधवार, रात्री १०.४०

काल रात्री गिझरवाल्या दादांचं वाचलं आणि हातपाय गार पडले. मुलाला उठवून विचारलं, आजोबा आत किती वेळ होते. म्हणाला, सात-आठ मिनिटं, आणि मधे एकदा त्यांनी दार ओढून घ्यायला सांगितलं होतं, कारण गार वारा आत येत होता. त्यानं ओढलं नाही. पाणी सांडण्याचा आवाज थांबला तर लक्षात यावं म्हणून त्यानं पाय फटीत अडकवून ठेवला होता. मी त्याला असं काही सांगितलं नव्हतं.

आज अर्धी रजा टाकून बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कार्डिओग्राम काढला, रक्तदाब बघितला. ठीक आहे. गिझरचं तुम्हाला योग्य सांगितलं आहे, एवढं म्हणाले. बाबांना मी दवाखान्यात बसल्यावरच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिथला तो पोरगा रोज त्याच बाथरूममध्ये गिझर पेटवून देतो. त्याला कुणी सांगितलंय का?" तो खोल्या झाडणारा मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा असेल. माझ्या तो डोक्यातही आला नव्हता.

लॉजला काल रात्रीच फोन केला होता. मॅनेजरला वाटलं मी पैसे मागते आहे, त्यानं ठेवून दिला. आज दुपारी परत केला, तेव्हा तोच मुलगा फोनवर आला. मी त्याला सगळं सावकाश सांगितलं. पिवळी ज्योत म्हणजे काय, प्लायवूड का काढायचं, सिलिंडर आधी बंद कर, तू स्वतः दार लावून आत उभा राहू नकोस. तो म्हणाला, "मॅडम, माझं पण डोकं दुखतं, मला वाटायचं पावसामुळे." मग म्हणाला, सिलिंडर काढून बाहेर ठेवतो, मालक आल्यावर बोलतो. मी त्याला फोटो पाठवायला सांगितला आहे.

जोशीकाका, मालकाला पत्र लिहिलं. दुसऱ्या रात्रीचे ५,६०० परत मागितले आहेत, पण ते दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्या परिच्छेदात गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा आणि तोपर्यंत त्या खोल्या कुणाला देऊ नका, एवढंच. त्याची एक प्रत माथेरान नगरपरिषदेला पाठवते आहे, मुलानं काढलेला गिझरचा फोटो जोडून. १९१५वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. लॉजचं नाव इथे सध्या देत नाही, पंधरा दिवस थांबते.

आईनं पत्र वाचून घेतलं. नेहमीप्रमाणे "राहू दे गं" म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं चष्मा काढला आणि विचारलं, पोस्ट ऑफिस किती वाजता उघडतं.

सिलिंडरचा फोटो अजून आलेला नाही. नऊ वाजता परत फोन लावला, उचलला नाही. उद्या सकाळी शाळेत जायच्या आधी पुन्हा करते आणि काय होतं ते इथे सांगते.